भरतातलं मीठ

या अनुभवांच्या ग्रुपवरच्या जुन्या मंडळींना मी चांगला माहीत आहे. कोणी लिहिलं की रिकाम्या घरात पावलं वाजली, तर त्याखाली "लाकूड थंडीत आकसतं" असं लिहिणारा मी. कोणी लिहिलं की छातीवर काहीतरी येऊन बसलं होतं, तर "कुशीवर झोपून पाहा" असं लिहिणारा पण मीच. त्यामुळे आज मी स्वतः अनुभव लिहायला बसलोय म्हटल्यावर काही जण खुर्ची पुढे ओढून बसतील. बसा. माझी हरकत नाही.

मी सिल्वासाला शाळेत विज्ञान शिकवतो. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. परीक्षेला मनगटात काळे दोरे बांधून येणाऱ्या पोरांना मी विचारतो, दोऱ्याने मार्क मिळत असते तर मी इथे घसा कशाला कोरडा केला असता? बायको म्हणते, तुमच्याशी बोलायचं म्हणजे रोजची तोंडी परीक्षा. तर असा माणूस लिहितोय, हे ध्यानात ठेवून वाचा. आणि आधीच सांगतो — यात सावली नाही, आवाज नाही, अमावस्या नाही. भर दुपारची गोष्ट आहे आणि ती वांग्याच्या भरताची आहे.

आम्ही चौघं जळगावला सायन्स कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये एका खोलीत राहायचो. मी मूळचा देवगडकडचा, पण बाबांची बदली तेव्हा चोपड्याला होती, म्हणून खानदेशात येऊन पडलो. बाकीचे तिघं तिकडचेच. विलास धुळ्याकडचा — अंगाने दांडगा, तोंडाने फटकळ आणि आतून इतका हळवा की सिनेमात कुत्रं मेलं तरी बाहेर जाऊन पाणी पिऊन यायचा. गिरीश जळगावचाच. घरचं बी-बियाण्यांचं दुकान, पण काका फार शिस्तीचे म्हणून घर गावात असूनही हा हॉस्टेलला. आणि चौथा भास्कर, यावलकडच्या एका खेड्यातला. कमी बोलायचा. पण खोलीत दोघांचं वाजलं की मध्ये बसून शेंगा सोलायला लागायचा, आणि सोललेल्या शेंगा आलटून पालटून दोघांच्या हातावर ठेवायचा. शेंगा खाता खाता भांडता येत नाही... करून पाहा.

खानदेशात हिवाळा आला की भरीत पार्टी होते. बाहेरच्यांना सांगतो — शेतात जायचं, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर हिरवी मोठाली वांगी भाजायची, सोलून लाकडी काठवटीत ठेचायची. भाजलेल्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून तेल. बरोबर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या. आमच्या खोलीने पहिल्या वर्षी भरीत केलं तेव्हा चौघांनीही एकमेकांच्या नकळत मीठ टाकलं. प्रत्येकाला वाटलं, बाकीच्यांना कुठे एवढी अक्कल असणार. ते भरीत म्हशीने पण खाल्लं नाही.

त्या दिवशी दोन नियम झाले. एक, मीठ फक्त भास्कर टाकेल. आणि दुसरा, मिठाबद्दल कोणी बोलायचं नाही. कमी पडो, जास्त होवो, गप खायचं. जो बोलेल तो सगळी भांडी घासेल.

भास्करची पद्धत होती. त्याला पाकिटातलं बारीक मीठ चालायचं नाही, खडे मीठच लागायचं. मूठभर घ्यायचा आणि काठवटीच्या कडेवर तळहाताने रगडून टाकायचा. चव बघायचा नाही. आणि आम्ही बघत उभं राहिलेलं त्याला खपायचं नाही. म्हणायचा, "तोंडाकडे बघू नका भो, माझा हात बिघडतो. जा, हात धुऊन या." मग आम्ही तिघं हपशावर हात धुवायला जायचो. परत येईपर्यंत काम झालेलं असायचं. मीठ नेहमी बरोबर. फक्त मध्येच कुठेतरी अर्धवट रगडलेला एखादा खडा दाताखाली कुरकन वाजायचा. वाजला की आम्ही एकमेकांकडे बघायचो... आणि नियम म्हणजे नियम, पुढचा घास घ्यायचो.

कॉलेज सुटलं की मैत्री कशी टिकते यावर लोक फार छान छान लिहितात. माझा अनुभव असा आहे की ती टिकत नाही. लग्नं होतात, हप्ते सुरू होतात, आणि फोनवर बोलायला वर्षातून एकदा वाढदिवस उरतो. तोही ग्रुपवर कोणी आठवण केली तर. आमची टिकली ती भरतामुळे. दर हिवाळ्यात एक रविवार. कोण कुठे नोकरीला आहे, कोणाचं कोणाशी बिनसलंय, काही विचारायचं नाही. वांगी आणायची, काड्या पेटवायच्या आणि आपापलं काम करायचं. गिरीश वांगी आणणार, मी भाजणार, विलास ठेचणार, भास्कर मीठ टाकणार. मला वाटतं माणसाला इतकंच हवं असतं. चार माणसांत आपलं एक ठरलेलं काम, जे दुसरा कोणी करणार नाही.

योगायोगाने चारातले तिघं सिल्वासाला जमलो. विलास आधी आला, दोऱ्याच्या एका कंपनीत सुपरवायझर. मग मला शाळेत नोकरी लागली. इथे येणारा प्रत्येक जण कुठून तरी आलेला असतो. शेजारी गुजराती, वर बिहारचे, खाली ओडिशाचे, आणि माझी मुलगी एका वाक्यात तीन भाषा बोलते. अशा गावात आपला माणूस भेटला की फार बरं वाटतं. भास्करचं तिकडे काही धड चाललेलं नव्हतं, तेव्हा विलासच म्हणाला, "ये इकडे, मी बोलतो साहेबांशी." भास्कर आला, विलासच्याच कंपनीत लागला. सिल्वासाजवळ अथालला दोन खोल्या घेतल्या. त्याच्या बायकोने, रेखा वहिनींनी, शिलाई मशीन टाकलं आणि वर्षभरात अख्ख्या गल्लीची ब्लाउजं त्यांच्याकडे यायला लागली. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघं संध्याकाळी दमणगंगेच्या पुलाकडे फिरायला जायची, विलासच्या आणि माझ्या बायकोत त्यावरून चेष्टा पण व्हायची.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात भास्कर गेला. रात्रपाळी करून सकाळी घरी आला, चहा मागितला, आणि वहिनी कप घेऊन बाहेर येईपर्यंत संपलं होतं. हृदयविकार. वयाच्या मानाने फार लवकर.

गिरीश जळगावहून गाडी हाणत आला. मी आणि विलास दारात उभे होतो. गिरीश गाडीतून उतरला, सरळ विलाससमोर आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "तू आणलंस त्याला इथे. गावात असता तर जिवंत असता." बस. इतकंच.  पुढे वर्षभर दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत, आणि आमच्या ग्रुपवर माझे सणासुदीचे मेसेज तेवढे पडत राहिले.

मग उन्हाळ्यात विलासच्या बायकोचा, सुनंदाचा, मला फोन आला. रडवेली झाली होती. म्हणाली, "भाऊजी, यांना काही चव लागत नाही हो. वरण अळणी, भाजी अळणी, लोणचंसुद्धा अळणी म्हणतात. ताटात चमच्याने मीठ घालून घेतात. बीपी केवढं वाढलंय. डॉक्टर म्हणतात जिभेला काही झालेलं नाही. आता म्हणतात, नोकरी सोडतो, धुळ्याला जातो, इथे नको."

मी गेलो भेटायला. विलास जेवायला बसला होता. माझ्यासमोर त्याने आमटीत इतकं मीठ घातलं की मला बघवेना. मी म्हटलं, "अरे मरशील." तर म्हणाला, "लागतच नाही रे मास्तर. कधी गेली चव, तेही सांगतो. त्याच्या तेराव्याच्या जेवणापासून." आणि जेवत राहिला.  घरी येऊन बायकोला सांगितलं की आपला विलास जाणार. नोकरी सोडून जाईल किंवा बीपीने जाईल, पण जाणार.

वर्ष भरलं, गावी वर्षश्राद्ध झालं. रेखा वहिनी परत आल्या आणि त्यांनी तिघांनाही फोन केले. सासरचे त्यांना गावी ठेवून घ्यायला बघत होते, पण इथलं शिलाईचं बस्तान मोडायची त्यांची तयारी नव्हती. मला म्हणाल्या, "भाऊजी, रविवारी भरीत करू. गिरीशभाऊंना वांगी आणायला सांगितलंय." मी चाचरत म्हटलं, "वहिनी, त्या दोघांचं..." त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "मला माहीत आहे. म्हणूनच."

सुरंगीला आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याचं शेत आहे. वासोण्याच्या सिंहांच्या पार्कवरून पुढे जायचं, मग आत कच्चा रस्ता. एक आंब्याचं झाड, थोड्या अंतरावर हपसा, आणि बांधापलीकडे शेत बघणाऱ्या कुटुंबाचं घर. त्या दिवशी त्या घराला कुलूप होतं. कपाशीच्या काड्या इथे मिळत नाहीत, म्हणून मी तुरीच्या काड्या गोळा करून ठेवल्या होत्या. जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ घेतलं. एक किलोचं बंद पाकीट, नेहमीचं बारीक. हे लक्षात ठेवा.

गिरीश वांगी घेऊन आला. माझ्याशी बोलला, वहिनींच्या पाया पडायला वाकला, त्यांनी अडवलं. विलास काठवट धूत होता, त्याने मान वर केली नाही. मग जे सुरू झालं ते मी आयुष्यातलं सगळ्यात अवघड जेवण म्हणेन. मी भाजतोय, धूर डोळ्यांत जातोय. गिरीश वांगी सोलतोय आणि सोललेलं वांगं विलासच्या हातात न देता काठवटीच्या कडेला ठेवतोय. विलास ते उचलून ठेचतोय. बोलायचं असेल तर दोघंही माझ्यामार्फत. "मास्तर, त्याला सांग मिरच्या कमी पडतील." त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून. वहिनी पुऱ्या घरून करून घेऊन आल्या होत्या. त्या शेंगदाणे भाजत होत्या आणि सगळं ऐकत होत्या.

ठेचून झालं. पात पडली, कोथिंबीर पडली, तेल पडलं. आणि मग जे झालं ते दुसऱ्या कोणाच्या हातून झालंच नसतं. आम्ही तिघंही उठलो आणि हपशावर हात धुवायला गेलो. कोणी ठरवलं नाही. इतक्या वर्षांची सवय, पायच तिकडे वळले. वहिनी आमच्या आधीच घागर घेऊन तिथे गेल्या होत्या, त्यांनीच हपसा मारला. पाणी यायला वेळ लागला. आम्ही चौघं तिथे होतो, झाडाकडे पाठ करून. भरीत झाडाखाली एकटं होतं.

परत आलो, पानं मांडली, वाढलं. मिठाचा विचार माझ्या मनात आला नाही. खरंच सांगतो, नाही आला. गेली कित्येक वर्षं तो विचार करायचं कामच माझं नव्हतं.

विलासने पहिला घास घेतला. चावला. मग चावायचा थांबला. मला वाटलं, आता हा मीठ मागणार. तो पानाकडे बघत बसला आणि हळूच म्हणाला, "मीठ बरोबर आहे."

 मग गिरीश, ज्याने वर्षभर त्याच्याकडे पाहिलं नव्हतं, तो घास तसाच हातात धरून म्हणाला, "बोललास ना मिठाबद्दल? आता भांडी तू घासायची."

विलासने त्याच्याकडे पाहिलं आणि तो दांडगा गडी रडायला लागला. तोंडात घास, नाकाडोळ्यातून पाणी, आणि मान हलवत होता, हो हो, घासतो म्हणून. गिरीश सरकून त्याच्याजवळ गेला. "मी तसं बोलायला नको होतं रे. मला कोणावर तरी चिडायचं होतं, तू समोर होतास." विलास म्हणाला, "तू बोललास ते खोटं कुठे होतं? मीच आणलं त्याला."

तेव्हा वहिनी बोलल्या. "विलासभाऊ, तुम्ही बोलावलंत म्हणून आम्ही आलो. इथे आम्ही दोघं सुखात होतो. गावात आम्हाला कधी चार माणसांशिवाय फिरायला नाही मिळालं. इथे मिळालं. हे मला वर्षभरात कोणी विचारलंच नाही. जो तो यांचं मरणच धरून बसला."

त्यानंतर आम्ही जेवलो. पोट फुटेस्तोवर जेवलो. विलासने तीनदा घेतलं. आणि मध्येच माझ्या दाताखाली खडा आला. कुरकन वाजला. मी सवयीने वर पाहिलं, तर गिरीश माझ्याकडेच बघत होता. त्याच्याही आला होता. नियमाप्रमाणे दोघंही गप्प बसलो.

आवरायला लागल्यावर मी पिशवीत हात घातला आणि मिठाचं पाकीट हाताला लागलं. बंद. तोंड फोडलेलं नाही, कोपरा कापलेला नाही. मी ते घेऊन तसाच उभा राहिलो. मग गिरीशला बाजूला घेऊन विचारलं, मीठ तू टाकलंस? तो म्हणाला, "मी? मला वाटलं तू टाकलंस." विलासला विचारलं. तो राखेने काठवट घासायला बसत होता. म्हणाला, "मी ठेचतो फक्त." वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुमच्यापैकी कोणीतरी टाकलं असेल. म्हणून मी गप्प होते." मग मी पाकीट वर धरलं.

वहिनी उठल्या. विलासच्या हातातून काठवट घेतली. अजून राख लागली नव्हती. कडेवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं. "खडे मीठ आहे," म्हणाल्या, आणि खालीच बसल्या. बराच वेळ काठवट मांडीवर घेऊन बसून राहिल्या. आम्ही तिघं उगाच इकडे तिकडे बघत होतो. मग त्यांनीच ती विलासकडे दिली आणि म्हणाल्या, "नीट घासा. परत लागेल."

आता तुम्ही म्हणाल, कोणीतरी टाकलं असणार. मीही तेच म्हणालो. पहिला संशय पुऱ्यांवर, पण पुरीत खडे मीठ येईल कुठून. शेंगदाणे खारे असतील? कच्चे होते, माझ्यासमोर भाजले. काठवट विलासच्या घरची, पण ती त्याने आणि मी दोनदा धुतली होती. शेताच्या घरातून कोणी आलं असेल? दुसऱ्या दिवशी त्या घरच्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, "ना साहेब, अमे तो बधा खानवेल लगनमां हता." सगळं कुटुंब खानवेलला लग्नाला. तिघांपैकी एकाने खिशात मीठ आणलं असेल? हे मी अजूनही पूर्ण सोडलेलं नाही. पण वहिनी आमच्या आधीच हपशावर होत्या, आम्ही तिघं एकत्र गेलो आणि चौघं एकत्र परत आलो. त्याआधी ते भरीत विलास ठेचत होता, आणि त्याच्या दोन्ही हातांत दांडका होता. समोर मी बसलो होतो.

मग मला वाटलं, कदाचित मीठ नव्हतंच. आमच्या मनाने चव लावून घेतली. दुःखात माणसाला काय काय होतं. म्हणून उरलेलं भरीत मी डब्यात घेऊन शाळेच्या प्रयोगशाळेत गेलो. एक नुसतं भाजलेलं वांगं पण उरलं होतं, तेही नेलं. दोन्हींचं पाणी काढलं, गाळलं, नायट्रिक आम्लाचे थेंब टाकले आणि सिल्व्हर नायट्रेट घातलं. नववीच्या पुस्तकातला प्रयोग. वांग्याच्या नळीत किंचित धूसर झालं, तेवढं क्लोराइड वांग्यात असतंच. भरताच्या नळीत पांढराशुभ्र साका बसला. मीठ होतं. भरपूर होतं. साधं मीठ, जगातल्या कुठल्याही मिठासारखं. प्रयोगशाळा सहायक म्हणाला, "सर, हे कशाचं सॅम्पल?" मी सांगितलं, वांग्याचं भरीत आहे. तो हसला. मी नाही हसलो.

पुढचं लवकर सांगतो. विलासची चव एका दिवसात आली असं काही नाही. पण महिन्याभराने सुनंदाचा फोन आला. "भाऊजी, काल माझ्यावर ओरडले. म्हणाले, आमटी खारट झालीये. इतकं बरं वाटलं हो मला." विलासने नोकरी सोडली नाही. बीपीची गोळी चालू आहे, ती आता जन्माची. दर रविवारी तो आणि सुनंदा रेखा वहिनींकडे जाऊन येतात. गिरीश त्याला रोज सकाळी फोन करतो आणि दोघं अर्धा तास कापसाच्या भावावर बोलतात. दोघांनाही कापूस ना विकायचाय ना घ्यायचाय.

आणि मग हा हिवाळा आला.

मी कोण, ते वर सांगितलंच आहे. एकदा झालेला प्रयोग म्हणजे प्रयोग नव्हे. मी मुद्दाम तीच जागा ठरवली. त्याच तुरीच्या काड्या, तीच काठवट. मिठाचं बंद पाकीट माझ्या पिशवीत. कोणाला काही बोललो नाही, पण मला वाटतं सगळ्यांच्याच मनात तेच होतं. कारण ठेचून झाल्यावर चौघंही न बोलता उठलो आणि हपशावर गेलो. हात धुतले. पुन्हा धुतले. गिरीशने तोंड धुतलं. वहिनी हपसा मारतच राहिल्या. कोणालाच मागे वळायचं नव्हतं.

परत आलो. वाढून घेतलं. मी पहिला घास घेतला.

अळणी. पूर्ण अळणी. नुसतं भाजलेलं वांगं आणि मिरची.

खरं तर माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. गेल्या वर्षी काहीतरी चूक झाली असणार, हिशोब जुळला, सुटलो. पण मला वाईट वाटलं.  मला ते मीठ हवं होतं. या वयात, एवढं विज्ञान शिकवून, मी तिथे बसून मनात म्हणत होतो, अरे एकदा तरी... इतरांचे चेहरे बघवत नव्हते. कोणी काही बोलत नव्हतं. नियम होताच.

मागच्या वर्षीचं मीठ कुठून आलं, ते मला माहीत नाही. या वर्षी का आलं नाही, तेही माहीत नाही. कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी आता खाली उलटसुलट उत्तरं देणार नाही. मी शक्य ते सगळं तपासलं आहे आणि माझं डोकं चालेनासं झालं आहे.

तर आम्ही असे अळणी पानांवर बसलेलो, तेवढ्यात वहिनींनी त्यांच्या पिशवीतून एक पुडी काढली. खडे मीठ होतं. ती त्यांनी काय समजून आणली होती, मी विचारलं नाही. त्यांनी आमच्या पानातलं भरीत काठवटीत परत घेतलं, पुडी विलासच्या समोर धरली आणि म्हणाल्या, "विलासभाऊ, आता तुम्ही."

विलास म्हणाला, "मला नाही जमणार वहिनी. माझ्या जिभेचा काय भरवसा?"

"ते पण चव बघायचे नाहीत."

त्याने मूठ भरली. आमच्याकडे पाहिलं.  "बघत काय बसलात? जा की, हात धुऊन या."

आम्ही तिघं उठून हपशावर गेलो. हात स्वच्छच होते, तरी धुतले. मागे काठवटीच्या कडेवर खडे रगडल्याचा आवाज येत होता. परत आलो, पानावर बसलो, घास घेतला.

खारट झालं होतं. चांगलंच खारट, डोळ्यांत पाणी येईल इतकं. विलास आळीपाळीने तिघांच्या तोंडाकडे बघत होता. गिरीश खाली मान घालून जेवत होता, मी जेवत होतो. वहिनींनी पान पुढे केलं.

"विलासभाऊ," त्या म्हणाल्या, "अजून थोडं वाढा."